केस गळले तेव्हा पाणी तपासलं

ओरोसजवळच्या एका ग्रामपंचायतीत या आठवड्यात पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड भिंतीवर लावलेलं पाहिलं. विचारलं, गावच्या पाण्यात नायट्रेट किती? कोणालाच सांगता आलं नाही. पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर किती शिल्लक आहे ते मात्र लगेच सांगितलं. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जसंच्या तसं राहतं. पाणी उकळलं तर वाफ जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. तान्ह्या बाळासाठी पाणी दोनदा-तीनदा उकळणाऱ्या आईला हे कोणी सांगितलेलं नसतं.

मला राहून राहून शेगाव आठवतं. जानेवारी 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या त्या तालुक्यात माणसांचे केस दोन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागलं. आरोग्य पथकं धावली, आयसीएमआरचे तज्ज्ञ आले, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. नायट्रेट 54 निघाल्याच्या बातम्या झळकल्या. मर्यादा 10 छापली गेली. आपल्या मानकात ती लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, 10 हा आकडा नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन मोजला तर येतो. हा फरक समजावून सांगण्याची तसदीही फारशी कोणी घेतली नाही. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. नायट्रेटवरचा केसगळतीचा आळ गेला आणि त्याबरोबर नायट्रेटचा विषयच संपला.

माझा राग इथे आहे. केसांच्या बाबतीत नायट्रेट निर्दोष असेल, पण तान्ह्या बाळांच्या रक्ताच्या बाबतीत त्याचा गुन्हा 1945 सालीच नोंदला गेला आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॉ. हंटर कोम्ली यांनी शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन निळी पडलेली बाळं पाहिली आणि ते लिहून ठेवलं. शेगावात टक्कल पडत होतं त्याच सुमारास केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित 15 जिल्ह्यांची यादी आली. त्यातले सात महाराष्ट्रातले, आणि बुलडाणा त्यांत आहेच. इतकं सगळं हातात असताना त्या गावांतल्या वरच्या दुधावरच्या बाळांचं रक्त तपासल्याची एकही बातमी माझ्या वाचनात आली नाही. टक्कल दिसतं, त्याचा फोटो निघतो. बाळाचे ओठ निळसर झाले तर घरात म्हणतात गारठलंय, नाहीतर हृदयाला भोक असेल.

नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं. मग ते रक्त प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचं राहत नाही. मोठ्यांच्या शरीरात हे पूर्ववत करणारं एन्झाइम भरपूर असतं, पहिल्या काही महिन्यांत बाळाकडे ते साधारण निम्मंच असतं. अशा बाळाच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या टिपकागदावर घ्या. तो चॉकलेटी दिसतो आणि हवा लागली तरी लाल होत नाही. प्राणवायू लावूनही ऑक्सिमीटर 85 च्या आसपास घुटमळतो. बाळाला गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात पाठवण्याआधी हा थेंब पाहायला मिनिटभर पुरतं. मिथिलीन ब्लू हे औषध शिरेतून दिलं की बहुतेक बाळं तासाभरात सावरतात. जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाला मात्र ते चालत नाही.

नायट्रेटबाधित जिल्ह्यांच्या त्या यादीत आपल्या सिंधुदुर्गाचं नाव नाही. पण आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक परड्यात बाव, म्हणजे विहीर, आहे आणि प्रत्येक बावीचं पाणी वेगळं. 2016 मध्ये आपला जिल्हा देशातल्या सर्वांत स्वच्छ ग्रामीण जिल्ह्यांत गणला गेला, घरोघरी शौचालयं झाली, त्याचा मला अभिमान आहे. शौचालयं मोजली गेली, खड्ड्यापासून बावीचं अंतर तितक्या काळजीने मोजलं गेलं असं मला वाटत नाही. त्यात इथला जांभा दगड सच्छिद्र. शेजाऱ्याचा शोषखड्डा वरच्या अंगाला आणि आपली बाव खालच्या अंगाला, असं किती घरी दिसतं! जुलाब झालेल्या बाळाच्या आतड्यातही नायट्राइट तयार होतं, म्हणून काही संशोधक सगळा दोष नायट्रेटला देत नाहीत. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि त्यामुळेच काळजी वाढते, कारण खड्डा झिरपला की जंतू आणि नायट्रेट दोन्ही एकदमच येतात. हिरवं कार्ड देताना नायट्रेटचा आकडा त्यावर लिहिलाच पाहिजे.

पालक, तांबडा माठ, मुळा, बीट यांतही नायट्रेट भरपूर असतं, पण म्हणून भाजीला घाबरू नये. सहाव्या महिन्यात उष्टावण झालेल्या बाळाला ताजी शिजवलेली भाजी द्यावी. सकाळी शिजवून वाटलेला पालक संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवून भरवू नये, कारण तेवढ्या वेळात जंतू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात.

जलजीवन मिशनमधून गावोगावी पाणी तपासण्याचे संच आले, दर गावी पाच महिलांना ते वापरण्याचं प्रशिक्षण देण्याचं ठरलं. त्या संचात नायट्रेटची चाचणी आहे. आशाताईंना सोबत घेऊन सुरुवात बाळंतिणीच्या घरच्या बावीपासून करा, त्यातही बाळ वरच्या दुधावर असेल त्या घरी आधी जा. आकडा 45 च्या वर गेला तर बाळाचं दूध आणि नाचणीच्या सत्त्वाची पेज तपासलेल्या दुसऱ्या पाण्यात करायला सांगा. आई अंगावर पाजत असेल तर पाजत राहू दे, तिच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.