थायरॉइडची गोळी : बरे वाटले तरी बंद करू नका

“थायरॉइडचा आजार जावा म्हणून किरणोत्सारी आयोडीन घेतले आणि आता जन्मभराची गोळी मागे लागली. मग उपचाराचा उपयोग काय झाला?” असा प्रश्न अनेक भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट न समजल्यामुळेच पुष्कळ घरांत ही गोळी काही महिन्यांनी बंद पडते. म्हणून आज आम्ही याच विषयावर लिहीत आहोत.

गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी असते. अन्नातले आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचे द्रव्य तयार करते. शरीराच्या सर्व कामांचा वेग या द्रव्यावर अवलंबून असतो. ते प्रमाणाबाहेर तयार होऊ लागले की छातीत धडधडते, हात कापतात, घाम येतो, खाऊनपिऊनही वजन घटते. औषधांनी हे आटोक्यात आले नाही तर आयोडीन-१३१ देतात. ग्रंथी ते ओढून घेते आणि आतल्या आत तिच्या पेशी नष्ट होतात. अमेरिकेत बॉस्टन येथे १९४१ साली हा उपचार प्रथम झाला. आपल्याकडे मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले.

पेशी गेल्या म्हणजे त्यांचे कामही थांबले. बहुतेकांच्या बाबतीत हे २ ते ६ महिन्यांत घडते, काहींच्या बाबतीत वर्षे जातात. तेव्हा रोजची गोळी म्हणजे जुना आजार शिल्लक राहिल्याची खूण नव्हे. जी ग्रंथी काम करीत नाही, तिचे काम ही गोळी करते. १८९१ साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. त्यानंतर ती बाई २८ वर्षे जगली. आज तेच द्रव्य शुद्ध स्वरूपात, स्वस्तात, लहानशा गोळीत मिळते.

आयोडीन घेतल्यावर पहिले सहा महिने दर ४ ते ६ आठवड्यांनी रक्त तपासावे. या काळात नुसत्या टीएसएचवर भिस्त ठेवू नये. आजार फार दिवसांचा असेल तर टीएसएच कित्येक महिने खालीच राहतो आणि प्रत्यक्षात थायरॉक्सिन कमी पडलेले असते. म्हणून फ्री टी-४ ही तपासणीही करून घ्यावी. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, अंगावर जास्त जाणे, आवाज घोगरा होणे, मन उदास राहणे, अशी लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी घ्याव्यात, नाहीतर थायरॉक्सिन अंगी लागत नाही. पहाटे कामावर जाणाऱ्या भगिनींना हे जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. वेळ मात्र रोज तीच असावी. बाटली चुलीजवळ किंवा ओलीत ठेवू नये. एखाद्या सकाळी विसर पडला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी.

मात्रा वजनावर ठरते. ग्रंथी पूर्ण थांबली असेल तर दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या बाईला सुमारे ७५ ते ८० मायक्रोग्रॅम लागते. म्हाताऱ्या माणसांना व हृदयविकार असलेल्यांना थोडक्यापासून सुरुवात करतात. मात्रा बदलली की ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. वजन उतरावे म्हणून मनाने जास्त गोळ्या घेणे धोक्याचे आहे. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे ठिसूळ होतात. शेजारणीची गोळी आपल्याला चालेल असेही समजू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लग्न जमवताना मुलीची ही गोळी लपवली जाते. सासरी ती पेटीतून चोरून घेते, आणि मग एके दिवशी सोडून देते. नेमका तोच काळ दिवस राहण्याचा असतो. पहिले काही महिने पोटातल्या बाळाची ग्रंथी पुरेसे काम करीत नाही. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर होते. तेव्हा गोळी बंद करणे तर दूरच, दिवस राहिल्यावर मात्रा बहुधा पाव ते तिसरा हिस्सा वाढवावी लागते. म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांकडे जावे. आयोडीन घेतल्यावर किमान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. त्यानंतर कितीही वर्षांनी मूल व्हायचे असले तरी बाळंतपणाच्या डॉक्टरांना या उपचाराची माहिती अवश्य द्यावी. कारण आईची ग्रंथी थांबली तरी ग्रेव्हज आजारातली काही प्रतिद्रव्ये रक्तात राहतात आणि ती बाळापर्यंत पोचू शकतात.

सासू-सासऱ्यांना आणि नवऱ्यांना आमचे सांगणे आहे की, सुनेच्या गोळीत कमीपणा मानण्यासारखे काही नाही. ती वेळेवर गोळी घेत असेल तर घर, नोकरी, बाळंतपण सारे इतरांसारखेच पार पाडू शकते. गोळीची बाटली पेटीतून काढून उघड्या फळीवर ठेवा. सकाळी चहा ठेवण्यापूर्वी “गोळी घेतलीस का?” असे घरातल्या कोणीतरी विचारावे. बाटलीत दहा गोळ्या उरल्या की दुसरी आणून ठेवा. प्रकृती स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा तपासणी पुरते, पण ती चुकवू नका.