एकाच घरातले दोन दाखले

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. जून महिना आला की शिकवण्याआधी एक वेगळंच काम करावं लागतं, नवीन मुलांची नावं जनरल रजिस्टरमध्ये चढवायची. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि मग 'धर्म व जात'. बाप समोर उभा असतो, त्याला कामावर जायची घाई असते. तो एक शब्द सांगतो, मी लिहितो. दहा-बारा वर्षांनी तोच शब्द शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो आणि पोराची पुढची सगळी कागदपत्रं त्यावर उभी राहतात. बीएडला आम्हाला पाठाचं टाचण काढायला शिकवलं, या रकान्याचं कुणी काही शिकवलं नाही.

हे आज लिहायचं कारण आमच्या घराला गिलावा करायला आलेले मिस्त्री. श्रीरामपूरकडच्या एका खेड्यातले, पंचेचाळिशीचे, कॅथलिक. गाव आणि नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. तीन आठवडे काम चाललं. मी घरी असतो म्हणून रविवारी या म्हटलं, तर म्हणाले, "रविवारी मिस्सा असते सर. तुम्ही जुम्म्याला कसं दुकान बंद करता, तसंच समजा." माझं दुकान नाही, पण मुद्दा पोचला.

खरं सांगायचं तर ख्रिस्ती माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे हिंदी सिनेमातला अँथनी यायचा. नाहीतर वांद्र्याचा, गोव्याचा, फाडफाड इंग्रजी बोलणारा कुणीतरी. फार तर पाठ्यपुस्तकातले रेव्हरंड टिळक. पण टिळक ब्राह्मणातून आलेले आणि प्रोटेस्टंट. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कॅथलिक फादर लोकांनी काम केलं, तिथून जी घरं चर्चमध्ये गेली ती वेगळीच. ती मराठीतच प्रार्थना करतात, भाकरी खातात आणि सप्टेंबरात मारियेच्या जन्मदिनाच्या सुमारास हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जातात. आडनावं गावाकडची तीच राहिली. त्यामुळे आडनाव सांगितलं की समोरच्याला पुढे काही विचारावं लागत नाही.

मिस्त्रींचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. दुसऱ्यांच्या घरांना गिलावा करणाऱ्याच्या स्वतःच्या एका भिंतीला अजून गिलावा नाही, ते स्वतःच हसत सांगतात. पावसाळ्यात काम तुटतं, तेव्हा वहिनी कांद्याच्या आणि उसाच्या खुरपणीला जातात आणि घर त्यांच्या रोजावर चालतं. बचत गटाचा हप्ता आहे. तीन लेकरं, मोठी मुलगी बारावीला, तिला नर्सिंगला जायचंय. मिस्त्री दारू पीत नाहीत हे मुद्दाम लिहितो, कारण सिनेमाने आपल्याला तेवढंच शिकवलंय. रात्री जेवणाआधी सगळे मिळून माळेची प्रार्थना म्हणतात आणि ती लांबली की धाकटा पेंगतो, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्याकडे रमजानात तरावीहला धाकट्याचं हेच होतं.

एक दिवस चहा पिताना मी सहज बोलून गेलो, "बरं आहे मिस्त्री, तुमच्यात जात नसते." ते थापी धुवत होते. म्हणाले, "आमच्यात नसंल सर, पण आमच्यावर आहे ना."

मग त्यांनी भावाची गोष्ट सांगितली. थोरला भाऊ गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेला. मास्तरांनी न विचारता रजिस्टरला 'हिंदू महार' लिहिलं. मिस्त्रींना फादरांनी मिशनच्या शाळेत घातलं, तिथे 'ख्रिश्चन' लागलं. आई एक, बाप एक, बाप्तिस्मा एकाच चर्चमध्ये. थोरला आज सरकारी कार्यालयात शिपाई आहे, महिन्याला पगार आहे, पोरं शिष्यवृत्तीवर शिकली. धाकटा माझ्या भिंतीला गिलावा करत होता. अक्कल, मेहनत, नशीब याचा हिशेब नंतर मांडा. आधी दोन मास्तरांच्या दोन शब्दांचा मांडा. मीही मास्तर आहे, म्हणून मला ते फार लागलं.

यामागे १० ऑगस्ट १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. अनुसूचित जातींची यादी त्यात आहे आणि तिसऱ्या परिच्छेदात म्हटलंय की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती लोकांना इतर मागासवर्गात धरतात. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राहिलेल्या घराची पोरगी तिथे जमीनजुमला असलेल्या जातींच्या पोरांशी स्पर्धा करते. आणि अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तर लागतच नाही. मिस्त्रींनी एकदा ठेकेदाराकडे थकलेली मजुरी मागितली, त्याने जात काढून शिवी दिली. हे तक्रार द्यायला गेले तर उत्तर मिळालं, तुम्ही तर ख्रिश्चन, कलम बसत नाही. कायद्याने ते उत्तर बरोबरच होतं. पण शिवी देणाऱ्याने काही बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता.

याच प्रश्नावर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. मद्रासमध्ये सूसै नावाचा एक माणूस रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचा. सूसै म्हणजे जोसेफ, तमिळ कॅथलिकांत हे नाव ठेवतात. जन्म आदि-द्रविड समाजातला. सरकारने अशा चर्मकारांना रस्त्यावर बसण्यासाठी फुकट टपऱ्या दिल्या, पण त्या अनुसूचित जातीच्या लोकांना. सूसै ख्रिस्ती, म्हणून त्याला नाही. न्यायालय म्हणालं, धर्म बदलल्यावरही जात उरते एवढं दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही त्रास तितकाच तीव्र राहतो हे सिद्ध करा. उन्हात बसून टाके घालणाऱ्याने हे कसं सिद्ध करायचं? त्याचा धंदा, बसायची जागा, बाजूचा माणूस, सगळं तेच. बदलली होती फक्त प्रार्थना.

यावर नेहमीचा प्रश्न असतो, तुमच्या धर्मात जात नाही म्हणता, मग जातीची सवलत कशाला? पण जात शीख धर्मालाही मान्य नाही. बौद्ध धम्मालाही नाही, बाबासाहेबांनी तो घेतलाच त्यासाठी. तिथे हा प्रश्न आपण विचारला नाही आणि तेच योग्य होतं. धर्म काय सांगतो आणि गाव काय वागतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चसुद्धा यातून सुटलेलं नाही. तमिळनाडूत जातीप्रमाणे वेगळ्या दफनभूमी आहेत. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ साली दलितांविषयीचं धोरण काढलं, त्यात चर्चमध्ये भेदभाव होतो हे स्वतःच मान्य केलं. हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल, तेही २०२२ साली.

दुसरा आक्षेप मात्र मला हलका वाटत नाही. मिस्त्रींच्या गावातले बौद्ध शेजारी म्हणतात, आमच्या ताटातलं का काढता? त्यांची भीती खोटी नाही, राज्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के आहेत आणि खाणारी तोंडं वाढणार. माझं मत असं की हे लोक ज्या यादीतून येतील तिथला त्यांचा वाटा सोबत घेऊन यावेत. गणित बसवणं अवघड असेल, पण हिशेब अवघड आहे म्हणून माणूस रकान्याबाहेर ठेवणं पटत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ सालीच अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा असं म्हटलं होतं. आयोगाच्या सदस्य सचिवांचं मत विरुद्ध होतं, तेही नोंदवलंय. मग २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग बसला आणि त्याला मुदतवाढ मिळत गेली. दरम्यान मिस्त्रींची मुलगी बारावीत आली आहे.

आता आमच्याकडे वळतो, नाहीतर वाचक म्हणतील मास्तर दुसऱ्याच्या घरात डोकावतोय. सीरतच्या जलशात मीही भाषण केलंय की इस्लाममध्ये जात नाही, एका सफेत सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. राहतातही. पण नात्यातल्या मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा पहिला प्रश्न होता, "बिरादरी कौनसी?" आणि तो मशिदीच्या पहिल्या सफेतल्या माणसानेच विचारला होता. मैला उचलणाऱ्या हलालखोर बिरादरीलाही तो तिसरा परिच्छेद तसाच लागू आहे. आमचे मोठे लोक यावर फारसं बोलत नाहीत, कारण बोलायचं तर आधी जात आहे हे कबूल करावं लागतं. शब्बीर अन्सारींनी जालन्यातून मुस्लिम ओबीसींचं काम सुरू केलं तेव्हा घरच्यांचाच विरोध काही कमी नव्हता.

परवा मिस्त्री मुलीचे कागद घेऊन आले होते. इतर मागासवर्गाचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, पडताळणीचा अर्ज. तीन दिवसांचा रोज बुडाला. मी अर्ज भरून दिला, रकान्यात जे होतं तेच लिहिलं. मुलगी म्हणाली, "काकांच्या पोरांना हे सगळं नाही लागलं." मिस्त्री तिच्यावर खेकसले. काकांचं नाव काढायचं नाही, असं त्या घरात ठरलेलं आहे. सरकारी कागदावर हिंदू असलेला माणूस मिस्सेला जातो हे उघड झालं तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, ही भीती. २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा दुहेरी दाव्याला राज्यघटनेची फसवणूक म्हटलं, तेव्हापासून ती जास्तच वाढली आहे.

गेल्या वर्षी मिस्त्रींच्या आग्रहावरून मी हरेगावच्या यात्रेला गेलो होतो. गर्दी पुष्कळ, मेणबत्त्यांची दुकानं, ऊस-गुऱ्हाळं, पाळणे, अगदी आपल्या उरुसासारखं. मिस्त्रींचं कुटुंब रांगेत होतं. थोरला भाऊ रांगेबाहेर, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभा होता. वहिनींनी एक मेणबत्ती त्याच्या नावाने जास्तीची घेतली. मी मोबाईल काढला तसा तो चटकन बाजूला सरकला आणि म्हणाला, "सर, माझा फोटो कुठं टाकू नका."