तारखा आणि तास

उद्यांचें काम आज करावें, हा उपदेश ज्यानें ऐकला नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. परंतु तो आचरणांत आणणारा सांपडणें त्याहूनहि कठीण. या दोषाचें माप दुसऱ्याच्या पदरांत घालण्यापूर्वीं तें आम्ही आपल्याच पदरांत घेतों. कारण आमचा धंदा वकिलीचा, आणि वेळेची उधळपट्टी जितकी कोर्टाच्या आवारांत दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. दाव्याच्या सुनावणींत एका पक्षकारास तीनांहून अधिक वेळां तहकुबी देऊं नये, असा निर्बंध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशांत १९९९ च्या दुरुस्तीनें घातला असून तो १ जुलै २००२ पासून अमलांत आहे. वकील दुसऱ्या कोर्टांत गुंतला आहे ही सबब तहकुबीस चालणार नाहीं, असेंहि तोच आदेश सांगतो. पक्षकाराच्या हाताबाहेरचें कारण असल्यास तीनांच्या पलीकडेहि तहकुबी देतां येईल, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं केला. अपवादासाठीं ठेवलेल्या या पाऊलवाटेचा आम्हां वकिलांनीं हमरस्ता केला आहे!

याचें मूळ बहुधा दुष्टपणांत नसून अव्यवस्थेंत आहे. एकाच सकाळीं तीन कोर्टांत तीन कामें घ्यावयाचीं, कागद आदल्या रात्रीं उघडावयाचे, आणि दिवस मोबाईलला व आल्यागेल्याला वाटून द्यावयाचा; मग तारीख मागण्यावांचून गत्यंतर कोणतें? इकडे खेड्यांतून पहाटेच्या एस. टी. नें आलेला शेतकरी दिवसाचें काम व गाडीभाडें गमावून, पुढची तारीख घेऊन परततो. आमच्या वेळेचा हिशेब चुकला कीं दंड भरतो तो हा.

उपाय साधा आहे. ज्या कामास अधिक बुद्धि लागते तें सकाळीं, मोबाईल दूर ठेवून करावें. भेटीगांठींस ठराविक तास असावा. प्रत्येक कामास किती वेळ लागेल याचा अंदाज रोजनिशींत आधीं लिहावा व प्रत्यक्ष लागलेला वेळ त्याखालीं टिपावा. पंधरवड्यांत आपला अंदाज किती खोटा होता तें कळेल. मग त्या हिशेबांत जेवढें काम बसेल तेवढेंच घ्यावें.

अशानें उत्पन्न बुडेल, असें आमचे व्यवसायबंधु म्हणतील. कांहीं काळ बुडेलहि. पण वेळेवर उभा राहणारा वकील पक्षकार शोधून काढतात. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरणें हें सरकारचें कर्तव्य आहे व तें त्यानें केलेंच पाहिजे. तथापि सरकारच्या दोषानें आमचा दोष धुतला जात नाहीं. परक्या राज्यकर्त्यांस बोल लावण्याची सोय १९४७ सालींच संपली. आतां राज्य आपलें, कोर्टें आपलीं, आणि त्यांच्या पायऱ्यांवर ताटकळणारा मनुष्यहि आपलाच. पुढची तारीख मागण्यास उठण्यापूर्वीं त्याच्याकडे एकदां पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.