सुताराचं पोर आणि मद्रासचा मोची

दोस्तहो, मी वडनेरचा. तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. बुद्धाचा माणूस आहे, देवबिव मानत नाही. पण ख्रिस्ती लोकांच्या देवाची एक गोष्ट मला अडवून धरते. तो म्हणे मोठ्यांकडे जातच नाही. सुताराच्या घरी वाढतो. त्याच्या जन्माची खबर राजवाड्याआधी रात्री मेंढरं राखणाऱ्यांना लागते. त्याचे साथी मासे मारणारे. मरियेच्या गाण्यात गादीवरचे खाली ओढले जातात अन् श्रीमंत रिकाम्या हातानं वाटेला लागतात.

हे भजन नाही, जाहीरनामा आहे.

पण पोट भरलेल्यांनी त्याचं काय केलं? 'देव लहानातून काम करतो' म्हणजे लहानानं लहानच राहावं, मान खाली घालावी, असा अर्थ लावला. नम्रता! हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. जोहार घालता घालता आमच्या बापजाद्यांच्या पाठी वाकल्या. अजून किती नम्र व्हायचं बे?

लहानातून सत्य बोलतं म्हणता ना? मग आधी त्याला बोलू द्या. १८५५ साली हे घडलं. जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मांगाची पोर, मुक्ताबाई. मांग-महारांच्या दुःखावर तिनं निबंध लिहिला. इमारतीच्या पायात पुरलेली माणसं, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाया, सगळं मांडलं. वेद जर बामणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं थेट देवाला विचारलं. छापला कुणी? मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदया'नं. या एका कामासाठी त्या पाद्र्यांची शंभर प्रवचनं मी माफ करतो.

आता आमच्या वर्धा जिल्ह्यात या. नोव्हेंबर १९३६, सेगाव, म्हणजे पुढचं सेवाग्राम. अमेरिकन मिशनरी जॉन मॉट गांधींना भेटायला आले. गांधींनी त्यांना विचारलं, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल का? वर म्हणाले, काही अस्पृश्य तर समजुतीत गाईच्याही खाली आहेत. हे त्यांच्याच 'हरिजन'मध्ये डिसेंबरात छापून आलं. आणि त्याच वर्षी जुलैत याच 'हरिजन'मध्ये त्यांनी बाबासाहेबांच्या जातिनिर्मूलनावरच्या भाषणाचा समाचार घेतला होता. अस्पृश्याची अक्कल पुस्तकभर समोर होती, तरी गाय आठवली! नाव मात्र ठेवलं हरिजन. देवाची माणसं, पण देवाबद्दल समजायची अक्कल नाही.

चर्चवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. तिरुचिरापल्लीच्या कबरस्तानात दलितांची मढी वेगळी ठेवायला भिंत आहे. मेल्यावरही वेशीबाहेर!

आणि दिल्ली? १० ऑगस्ट १९५० चा आदेश, तिसरा परिच्छेद. हिंदू नसलेला अनुसूचित जातीचा नाही. शीख १९५६ साली आत आले, आपण बौद्ध १९९० साली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणारा सूसाई, आदिद्रविडाचा ख्रिस्ती झालेला. सरकारनं मोच्यांना फुकट टपऱ्या दिल्या. हिंदू मोच्याला मिळाली, त्याला नाही. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८५ साली कोर्ट म्हणालं, ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहतो हे सिद्ध झालेलं नाही. अरे, आरी तीच, रस्ता तोच, गिऱ्हाईक तेच! बाप्तिस्म्याच्या पाण्यानं काय धुतलं? फक्त सवलत. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ साली अजून एक आयोग नेमला. मोची उन्हातच.

आपली काही पोरं म्हणतात, वाटेकरी वाढतील, कायले बोलायचं? लाज वाटू द्या. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं दिल्लीच्या यादीबाहेर आपण उभे होतो. दारात उभं राहणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायचं? वाटा कमी पडतो तर वाटा वाढवून मागा, दाराला आतून कडी लावू नका.

पाद्रीबाबांना माझं सांगणं एवढंच : तुमचा देव सुताराच्या घरी वाढला असेल तर कबरस्तानाची भिंत पाडा आणि सूसाईच्या बाजूनं रस्त्यावर या. आणि भीमसैनिकांनो, तुमच्या मोर्चाच्या मागण्यांत १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद रद्द करा, ही ओळ आजच घाला.

जयभीम.