सूर्यास्ताची वेळ आणि रूट ६६ ची चित्रे

शिकागोहून कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकापर्यंत जाणाऱ्या रूट ६६ या महामार्गाला २०२६ मध्ये शंभर वर्षे होतात. १९८५ साली तो अधिकृत महामार्गांच्या यादीतून काढला गेला, पण चित्रकारांनी त्याला सोडलेले नाही. रंगपेटी गाडीत टाकून लोक निघतात आणि ठरलेल्या खुणा रंगवत जातात: टुकुमकारीचे ब्लू स्वॉलो मोटेल, कॅटूसाचा निळा देवमासा, हॉलब्रुकच्या तंबूच्या आकाराच्या खोल्या, आर्केडियाचे १८९८ सालचे लाल गोल कोठार. चित्रे देखणी असतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा सवाल एवढाच, की त्यातली आठवण कोणाची?

या चित्रकारांची आवडती वेळ संध्याकाळची. आभाळ जांभळे झालेले, मोटेलची निऑन पाटी नुकतीच पेटलेली, दारात १९५० च्या दशकातली शेवरले. आता त्या शेवरलेत एक कृष्णवर्णीय कुटुंब बसवून पाहा. या रस्त्यावरची अनेक गावे ‘सनडाउन टाउन’ होती, म्हणजे सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने गावात दिसायचे नाही. पोटात भूक, मागच्या सीटवर पेंगलेली मुले, आणि समोर पेटलेली पाटी त्यांच्यासाठी नाहीच. म्हणून तर टपाल खात्यात काम करणाऱ्या व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून ‘ग्रीन बुक’ काढले. कुठे जेवण मिळेल, कुठे पाठ टेकता येईल, याची यादी. एस्सोच्या पेट्रोल पंपांवर ते मिळत असे. पंप आज चित्रात येतो, ते पुस्तक येत नाही.

यावर ठरलेले उत्तर मिळते: चित्रकाराने दिसते ते रंगवावे, त्यात राजकारण कशाला? पण दिसते ते रंगवतो कोण? जागेवर असतो गंजलेला पंप, फुटकी काच, माजलेले गवत. चित्रात पंप लालभडक होतो, काच सांधली जाते, गाडी कोरी करकरीत होते. म्हणजे साठ-सत्तर वर्षे मागे जायची तयारी आहे, फक्त सोबत कोणाला न्यायचे ते आधीच ठरलेले आहे. चित्रकार एड रुशे यांनी १९६३ मध्ये याच रस्त्यावरच्या २६ पेट्रोल पंपांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले. ना गोडवा, ना हळहळ. मला ते जास्त प्रामाणिक वाटते.

पुढे अमेरिकेतली कितीतरी मोटेले गुजराती पटेलांनी घेतली, घरच्या माणसांनी चादरी धुऊन चालवली. तेव्हा काही प्रतिस्पर्ध्यांनी ‘अमेरिकन ओन्ड’ अशा पाट्या लावल्या. भाड्याच्या घरासाठी नाव सांगताच नकार ऐकलेल्या आपल्या वाचकांना या पाटीचा अर्थ समजावून सांगायला नको.

आर्केडियाच्या त्या कोठारापासून काही मैलांवर, ल्यूथर येथे थ्रेट फिलिंग स्टेशन आहे. ॲलन थ्रेट या कृष्णवर्णीय माणसाचा पंप, कुटुंबाच्या जमिनीतून काढलेल्या वालुकाश्माने बांधलेला. इथे काळा प्रवासी न घाबरता उतरू शकत असे. १९९५ पासून त्याची नोंद ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे. इमारत उभी आहे, आणि तो दगड कोणत्याही चित्रकाराला मोह पडावा असा आहे. कोठारासमोर ईझल मांडणाऱ्यांनी तेवढे काही मैल आणखी गाडी हाकावी. आणि मोटेल रंगवायचेच असेल तर एखादी शेवरले दारात उभी न करता रस्त्यावर दाखवावी, दिवे लावून पुढे निघालेली.