भंगारात देण्याआधी एक पेनड्राइव्ह

दिवाळीचे फोव खायला गावी गेलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांना यंदा एक काम हमखास लागलं असणार: "तो कॉम्प्युटर बघ जरा, सारखा काहीतरी सांगतोय." पेडणे काय नि डिचोली काय, हॉलच्या कोपऱ्यात कापड पांघरून तो बसलेला असतोच. कुणाला सायबरएज योजनेत अकरावीला मिळालेला, कुणी हप्त्यांनी घेतलेला. तो सांगत होता ते एवढंच, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याला घरात ठेवायला कुणी तयार नाही.

पेडण्याला माझ्या मामांकडचा २०११ चा. मामा निवृत्त शिक्षक. गावातल्या आरत्या आणि दशावताराचे प्रवेश म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून त्यांनी त्यावर टाइप करून ठेवलेत. सांगणाऱ्यांपैकी निम्मे आता नाहीत. दुकानदाराने नवा घ्या म्हटलं. "बाय, भंगारवाल्याला देऊन टाकू?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, आधी लिनक्स घालून बघू.

युनिक्सच्या घराण्याला जुनं यंत्र काही परकं नाही. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने युनिक्सची सुरुवात केली, तीच कोपऱ्यात पडून असलेल्या, तेव्हाही मागे पडलेल्या पीडीपी-७ वर. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स लिहिलं ते घरच्या ३८६ संगणकावर. आणि गोव्याचं म्हणाल, तर परदेशातल्या गोवेकरांनी वापरलेले संगणक गोळा करून इथल्या शाळांना पाठवले होते, 'गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट'मधून. त्या यंत्रांवर लिनक्सच चाललं. तेव्हा तुमच्यातले काही जण जन्मलेही नसतील.

करायचं काय? लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेनड्राइव्हवर घ्या आणि संगणक त्यावरूनच सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासता येतं. पटलं तरच बसवा, आणि बसवण्याआधी फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी. इथे आळस नको. चुकीचं बटण दाबलं की डिस्क कोरी होते.

मामांच्या यंत्रात रॅम २ जीबी होती, ती ४ केली. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. खरा फरक तिने पडला. कॅबिनेट उघडून धूळ झाडली. (डिचोलीत खाणींच्या बाजूला ती तांबडी निघते.) मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही बदलली. ती मेली की घड्याळ मागे जातं आणि तारीख चुकीची म्हणून ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतो. कितीतरी संगणक 'इंटरनेट चालत नाही' म्हणून टाकले जातात ते या नाण्यापायी, असा मला दाट संशय आहे.

मग फायली उघडल्या, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मामांचं टाइपिंग युनिकोडआधीच्या फॉन्टातलं. त्या फॉन्टची फाइल जुन्या डिस्कवरून आणून लिनक्सच्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली, आणि लिबरऑफिसमध्ये गणपतीची आरती उमटली. मामा बराच वेळ नुसते वाचत बसले. आता मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम माझ्या भाच्याने घेतलंय. जोडाक्षरं हाताने सुधारावी लागतात, म्हणून रोज दोन पानंच होतात.

सगळ्यांना हे जमेलच असं नाही. फार जुनं, ३२-बिटचं यंत्र असेल तर मिंट चालणार नाही; अँटीएक्ससारखं हलकं काही बघावं लागेल, आणि तरी आजचं एखादं जड संकेतस्थळ त्याला दमवेल. हिशेबाचं किंवा डिजिटल सहीचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर आधी चौकशी करा. आणि घालून देऊन लगेच पुण्या-बंगळुरूची गाडी पकडू नका. चार दिवस राहा, नाहीतर रोज रात्री फोनवर 'सेव्ह कुठे झालं?' याची उत्तरं द्या.

मामांची आता एकच तक्रार आहे: पत्त्यांच्या खेळातले पत्ते पूर्वीसारखे दिसत नाहीत. भाचा म्हणतो, तेही बदलता येतात.