स्वस्ताईची स्तुति

परदेशस्थ मंडळींच्या बोलण्यांत हल्लीं एका खाद्याची वाहवा वारंवार ऐकूं येते. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे शहरीं व्हिएतनामी लोकांची फार मोठी वस्ती असून त्यांच्या दुकानांत 'बान्ह मी' नांवाचा भरलेला पाव मिळतो. "इतका चविष्ट, आणि इतका स्वस्त!" हा त्या स्तुतीचा ठरलेला समारोप. आमची हरकत या समारोपासच आहे.

अशा एका दुकानीं आम्हीहि गेलों आहों. गिऱ्हाइकांची रांग दाराबाहेर. आंत कुरकुरीत पाव उभा चिरून त्यांत मांसाचे काप, शिरक्यांत मुरविलेले गाजर व मुळा, काकडी, कोथिंबीर आणि मिरची भरली कीं पुडकें तयार! हें काम क्षणाचें दिसतें. परंतु गाजर-मुळा मुरविणें व पाव भाजणें हीं कामें, आपण अंथरुणांत असतां कोणी तरी उरकलेलीं असतात.

ही स्वस्ताई कांहीं त्या पावाचा जन्मजात गुण नव्हे. फ्रेंचांनीं 1859 सालीं सायगॉन घेतलें, त्यांच्या राज्याबरोबर पाव तेथें रुजला. गहूं बाहेरून येई; पाव हें साहेबाचें अन्न होतें. लोकांनीं तें आपल्या चवीचें केलें. 1975 सालीं सायगॉन पडल्यावर निर्वासितांबरोबर तें समुद्रापार गेलें. हातीं भांडवल नाहीं, मुलुख परका. अशा माणसास दर कमी ठेवून अधिक राबण्यावांचून दुसरा मार्ग कोणता?

फ्रेंच पद्धतीच्या भट्टींत तिप्पट दाम देतांना ज्यांचा हात अडखळत नाहीं, तेच सद्गृहस्थ येथें अर्धा डॉलर वाढतांच "पूर्वीची मजा राहिली नाहीं" म्हणून उसासे टाकतात. गरिबास परवडणारें अन्न विकणें हें पुण्यच, असें कोणी म्हणतील. कबूल. पण मोटारींतून येणाऱ्यांनीं त्या पुण्यावर हक्क सांगावा काय?

आपल्या 'पाव' शब्दासहि पोर्तुगीजांनींच आणलें, आणि मुंबईच्या वडापावाकडे आपण याच नजरेनें पाहतों: दर वाढला कीं विकणारा माजला! साहेबाच्या पावाची किंमत, आणि आपल्या माणसाच्या पावाची मात्र घासाघीस, हा न्याय अजब आहे.

वाचकांनीं अशा दुकानीं अवश्य जावें, पोटभर खावें, आणि दर वाढलेला दिसल्यास तो मुकाट्यानें द्यावा.